मुलींचा इंटरव्हल सराव मुलांच्या मागे नको

पाचवा_मैल
कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ब्राँझ जिंकलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तेव्हा तिचं गाव सावरपाडा देशाला कळलं. तरीही आपल्या नाशिकच्या मैदानांवर इंटरव्हल सरावात, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या फेऱ्या आणि मध्ये थोडी विश्रांती, मुलींना मुलांच्या शेपटाला जोडून पळवलं जातं, आणि माझा विरोध त्यालाच आहे. १०,००० मीटर ३६ मिनिटांत काढायचे तर ४०० ची फेरी साधारण ८६ सेकंदांची. अशा मुलीला १० फेऱ्या ८४ ने, मध्ये ९० सेकंद विश्रांती, एवढं पुरतं. मुलं पहिल्या दोन फेऱ्या ७८ ने काढतात, ती मागे लागते आणि पाचव्या फेरीपासून ९० वर येते. मग तो वेगाचा सराव राहत नाही, नुसती दमछाक होते.

त्र्यंबकरोड
पटत नाही. पेठ-सुरगाण्याकडे एका गटात मुली असतात तीन नाहीतर चार. त्या वेगळ्या काढल्या तर सोबत कोणाची? हिवाळ्यात पहाटे साडेपाचला काळोख असतो, आईबाप एकटीला रस्त्यावर सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. खरी चूक वेळेनुसार गट न पाडण्याची आहे. १,६०० मीटरची चाचणी घ्या. ५:१० ते ५:३० मध्ये येणारे सगळे एका गटात, मुलगा असो की मुलगी. आणि पुढे कोण धावणार हे दर फेरीला बदला.

पाचवा_मैल
त्या गटातला चौदा वर्षांचा मुलगा वर्षभरात पुढे निघून जातो. मुलीचं त्याच वयात वजन वाढतं, वेळ काही काळ अडकते. ही वाढीची रीत आहे. पण तुलना समोरच धावत असते, म्हणून प्रशिक्षक सांगतात, वजन उतरव. ती जेवण तोडते आणि तिथून सगळं बिघडतं.

नागली_भाकरी
वाद चालू द्या, पण हे मध्येच सांगायला हवं. पाळी सलग तीन महिने आली नाही तर ‘सराव जोरात चाललाय’ असं कुणी समजू नये. बहुतेक वेळा खाणं कमी पडलेलं असतं, हाडं कमजोर होतात. डॉक्टरांना दाखवा. नडगीवर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर त्या दिवसापासून धावणं बंद. हिमोग्लोबिन १२ च्या खाली नाही म्हणून निर्धास्त राहू नका, फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तपासा. नागलीतून (नाचणीतून) कॅल्शियम भरपूर मिळतं, लोहासाठी मात्र ती पुरत नाही. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा तासभर लांब ठेवावा. आणि सराव संपल्यावर लगेच गूळ-शेंगदाणे, दूध, अंडं, जे घरात असेल ते पोटात जाऊ द्या.

त्र्यंबकरोड
हे शंभर टक्के मान्य. पण जेवण तोडायला लावणारा प्रशिक्षक वेगळ्या गटातही तेच सांगेल. जागतिक क्रॉसकंट्रीत, म्हणजे माळरानावरच्या चढउताराच्या शर्यतीत, २०१७ पासून महिलांनाही पुरुषांइतकेच १० किलोमीटर आहेत. अंतर सारखं झालं, मग सरावाला भिंत कशाला?

पाचवा_मैल
कारण पदकाच्या शर्यतीत तिच्यापुढे वारा अडवायला मुलगा नसतो. लांब संथ धाव आणि चढाचा सराव खुशाल एकत्र करा. इंटरव्हलचा एक दिवस मुलींचाच ठेवा. शेवटच्या तीन फेऱ्यांत पुढे कधी निघायचं, हे तिचं तिनेच ठरवायला शिकलं पाहिजे.

त्र्यंबकरोड
आणि त्या दिवशी एकच मुलगी आली तर?

पाचवा_मैल
तर तिच्या वेगाचा मुलगा द्या, पण दहा मीटर मागे.