मदत हवी आहे: साडेतीन वर्षांच्या लेकीसाठी घरचे खेळ

नमस्कार. आम्ही सिंहगड रोडला राहतो. लेक साडेतीन वर्षांची. सध्या तिला राजमा आणि छोले निवडून तुळशीबागेतल्या भातुकलीच्या वाट्यांत भरायला देते. दाणा चिमटीत धरताना जीभ बाहेर काढून इतकी रमते! (नाकात घालेल म्हणून मी शेजारीच बसते.) कणकेचे साप करायलाही आवडतात. पेन्सिल मात्र अजून मुठीत धरते. सासूबाई म्हणतात, आता मुळाक्षरं गिरवून घे. पण २०२० च्या शैक्षणिक धोरणात पहिलीसाठी वयाची सहा वर्षं धरली आहेत, मग इतकी घाई कशाला? बोटांत ताकद येईल असे आणखी कोणते खेळ तुम्ही घेता? स्वयंपाक करता करता जमतील असे सुचवा ना.