दत्तक बोका लिटर बॉक्स सोडून घरभर शू करतोय, शेल्टरला परत द्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. मी, नवरा आणि सासूबाई. मे महिन्यात एका शेल्टरमधून बोका दत्तक आणला. साधारण तीन वर्षांचा, नसबंदी झालेली. पाठीवर काळपट रेघा, म्हणून नाव बांगडो.

पहिला महिना दृष्ट लागण्यासारखा गेला. बलकांवात (दारापुढच्या ओसरीत) त्याच्या शी-शूचा ट्रे ठेवला होता, मुकाट्याने तिथेच जायचा. जूनमध्ये पावसाची झड आत यायला लागली, म्हणून ट्रे न्हाणीघरात वॉशिंग मशीनशेजारी नेला. सासूबाईंना वास सोसत नाही, तेव्हा झाकणाचा बॉक्स आणि लॅव्हेंडरच्या वासाचं लिटर (ट्रेमध्ये पसरायचे दाणे) आणलं. चांगले पैसे मोजून!

आता तो पुढचे दोन पाय आत टाकतो, हुंगतो, एक पाय झटकतो आणि मागे फिरतो. मग पायपुसण्यावर, नाहीतर न वाळलेल्या कपड्यांच्या ढिगावर. शी मात्र बहुतेकदा बॉक्समध्येच. गेल्या आठवड्यात थेट सासूबाईंच्या गादीवर. कापसाची गादी, या पावसात वाळवू कुठे? इस्त्री फिरवून पाहिली तर वास दुप्पट झाला. (हा प्रयोग कुणी करू नका.)

डॉक्टरांनी लघवी तपासली. खडे नाहीत, संसर्ग नाही. रोज फिनाईलने फरशी पुसून माझे हात सोलपटलेत.

चवथ (गणेशचतुर्थी) पंधरा दिवसांवर आलीय. माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधायची, पाहुणे येणार. सासूबाई एवढंच म्हणतात, "हें माजर म्हाका घरांत नाका." वाईट नाहीत हो त्या, मासळीची डोकी उकडून त्याच घालतात त्याला.

शेल्टरच्या फॉर्मवर लिहिलंय की जमलं नाही तर रस्त्यावर सोडू नका, आमच्याकडे आणा. पण पिंजऱ्यात मागे बसलेला तो डोळ्यांपुढून जात नाही. अजून काही करून पाहण्यासारखं आहे का?

प्रतिसाद १
ताई, जूनमध्ये तुम्ही जागा, बॉक्स आणि लिटर एकदम बदललंत, बिघडलं तेही जूनमध्येच. झाकणाखाली वास कोंडतो, वर लॅव्हेंडर. आपल्याला सुगंध वाटतो, मांजराच्या नाकाला तो मारा असतो. आणि बसल्या बसल्या मशीन धडधडायला लागलं की संपलंच. उघडा, मोठा ट्रे घ्या, बिनवासाचं लिटर घाला, शांत कोपऱ्यात ठेवा. एका मांजराला दोन ट्रे असले तर उत्तम.

फिनाईल आजच बंद करा. पायाला लागलेलं तो चाटतो, आणि मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, विषबाधा होते. लघवीच्या डागांसाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा. नाहीतर वास उरतो आणि तो पुन्हा तिथेच जातो.

एक मात्र लक्षात ठेवा. बोका कुंथतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

शेल्टरमध्ये तो कशात जायचा, विचारलंत का?

प्रतिसाद २
मी एक मांजर परत दिलंय. घरात तान्हं बाळ होतं, निभेना. लोक बोलले, बोलू देत. द्यायची वेळ आलीच तर त्याच्या सवयी खऱ्या खऱ्या लिहून द्या, लपवलं तर पुढच्या घरातूनही तो परत येईल. पण आधी ट्रे बदलून बघा.

धागाकर्ती
विचारलं नव्हतं, आज फोन केला. तिथे उघड्या ट्रेमध्ये नुसती रेती असायची! शेजारी बांधकाम चाललंय, तिथली घमेलंभर कोरडी रेती मागून आणली आणि जुन्या टबात घालून जिन्याखाली ठेवली. कालपासून दोनदा तिथे गेला, एकदा पायपुसण्यावर. पायपुसणंच उचलून टाकलंय. फिनाईलची बाटलीही घराबाहेर.

सासूबाईंनी चवथीपर्यंत मुदत दिलीय. सकाळी मी उठायच्या आधी टबाजवळ वाकून बघत होत्या, मला पाहिल्यावर झाडू शोधायला लागल्या.

गादीचं काय करू, ते मात्र कुणीच सांगितलं नाही.