गृहीतागमा की बी.ए.?

चाफा:
‘महिला महाविद्यालयं ही इंग्रजांची देणगी’ हे इथलं वाक्य वाचून राहवलं नाही. बंगालपुरतं ते थोडंफार लागू पडेल. कलकत्त्याच्या बेथून कॉलेजच्या कादंबिनी आणि चंद्रमुखी बसू १८८३ साली पदवीधर झाल्या, पण अभ्यासक्रम कलकत्ता विद्यापीठाचा, पुरुषांसाठी आखलेला. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ (आजचं एस.एन.डी.टी.) काढताना नमुना घेतला तो टोकियोच्या महिला विद्यापीठाचा. शिकवणं मातृभाषेतून, इंग्रजी फक्त एक सक्तीचा विषय. ही आपली परंपरा आहे!

दगडफूल:
परंपरेने पोट भरत नाही. कायद्याची मान्यता मिळाली १९५१ साली. तोवर ३५ वर्षं त्या पदवीचं करायचं काय? नोकरीच्या जाहिरातीत बी.ए. मागितलेली आणि हातात ‘जी.ए.’

शाईचा डाग:
जी.ए. म्हणजे गृहीतागमा, आगम (शास्त्र) जिने ग्रहण केला ती. कर्व्यांच्या विद्यापीठाची बी.ए.च्या जागची पदवी. पुढची पदवी प्रदेयागमा. ही नावं बदलायला नकोच होती.

दगडफूल:
संस्कृत ऐकायला गोड लागतं. नोकरी देणाऱ्याला ते समजावून सांगायचं ओझं मात्र त्या मुलीवरच.

चाफा:
आणि ‘बॅचलर’चा अर्थ काय? अविवाहित पुरुष! पुण्याजवळ हिंगण्याला कर्व्यांचं सगळं काम विधवांपासून सुरू झालं. त्यांच्या संस्थेतून शिकलेल्या बाईला बॅचलर म्हणायचं? गृहीतागमा हा शब्दच स्त्रीलिंगी आहे. तिला उसन्या नावाची गरज नव्हती.

दगडफूल:
हा मुद्दा बिनतोड आहे, मानलं. पण गृहशास्त्र सक्तीचं केलं, त्याचं काय? पदवी घेऊनही मुलगी चुलीपाशीच राहावी, हाच त्याचा अर्थ.

पाटीपेन्सिल:
त्याच्या जोडीला आरोग्यशास्त्रही होतं, ते सोयीस्कर विसरू नका. इंग्रजीची सक्ती गांधीजींना पसंत नव्हती, तरी कर्व्यांनी ती काढली नाही. चुलीपाशीच ठेवायचं असतं तर इंग्रजीचा एवढा आग्रह कशाला धरला असता? मान्यतेचं म्हणाल, तर मुंबई विद्यापीठाशी संलग्न झालं की त्यांचाच अभ्यासक्रम, त्यांच्याच परीक्षा. मग मातृभाषा पहिल्याच वर्षी गेली असती. म्हणून सरकारची वाट न बघता देणग्यांवर चालवलं. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले, त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं.

दगडफूल:
ठीक. संलग्न झालं असतं तर माध्यम टिकलं नसतं, एवढं मान्य. गृहशास्त्राची सक्ती मात्र मला आजही पटत नाही. आणि नाव एवढंच मोलाचं होतं, तर आज त्याच विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर बी.ए. का असतं?

शाईचा डाग:
तेच तर दुखणं आहे. मान्यता आली आणि गृहीतागमा गेली.