शिडाच्या बोटींच्या शर्यती : प्रेक्षक मिळणार तरी कसे?

काठावरचा (धागाकर्ता)
शिडाच्या शर्यतींना मोठा चाहतावर्ग कधीच मिळणार नाही, असं माझं मत आहे. ‘श्रीमंतांचे चोचले’ हे नेहमीचं कारण मी देत नाही. फॉर्म्युला वन तरी कुठे गरिबांचा खेळ आहे? खरी अडचण ही की पुढे कोण आहे तेच कळत नाही. वाऱ्याच्या तोंडावर थेट जाता येत नाही, म्हणून बोटी नागमोडी जातात. एक पार डावीकडे, दुसरी पार उजवीकडे. मग वारा जरासा फिरतो आणि मागे वाटणारी बोट अचानक आघाडीवर! किनाऱ्यावरून दिसतात फक्त दोन पांढरे त्रिकोण.

त्यात वाऱ्याची मर्जी. २०१३ चा अमेरिका कप आठवा, शिडाच्या बोटींची ती सर्वांत नावाजलेली स्पर्धा. सॅन फ्रान्सिस्कोत न्यूझीलंडला कप जिंकायला एकच शर्यत हवी होती. तेराव्या शर्यतीत ते कितीतरी पुढे होते, पण वारा पडला, ४० मिनिटांची मुदत संपली आणि शर्यतच रद्द. शेवटी अमेरिकेच्या ओरॅकल संघाने १-८ वरून ९-८ असा कप नेला. असला नियम नवख्या माणसाला समजावून दाखवा.

शीडवेडी
अहो, तुम्ही स्वतःच आमची बाजू मांडलीत! १-८ वरून ९-८. दुसऱ्या कुठल्या खेळात हे झालं असतं तर तुम्ही पिढ्यानपिढ्या गोष्ट सांगितली असती.

आणि ‘पुढे कोण’ हा प्रश्न त्याच स्पर्धेच्या प्रक्षेपणाने निकालात काढला. हेलिकॉप्टरच्या चित्रावर पाण्यातच रेषा आखलेल्या, आघाडी मीटरमध्ये, हद्दीच्या सीमा रंगवलेल्या. त्या तंत्राला टीव्हीचा एमी पुरस्कारही मिळाला. किनाऱ्यावर उभं राहून बघायचा हट्ट कशाला?

तंत्र नव्हतं तेव्हाही लोक बघत होतेच. १९८३, न्यूपोर्ट. १३२ वर्षं न्यूयॉर्क यॉट क्लबकडे असलेला हाच अमेरिका कप, ३-३ बरोबरी, सातवी शर्यत. पाचव्या टप्प्यात ‘ऑस्ट्रेलिया टू’ने अमेरिकेच्या ‘लिबर्टी’ला गाठलं. शेवटच्या टप्प्यात ‘लिबर्टी’चा कप्तान डेनिस कॉनरने चाळीसहून जास्त वेळा बोट वळवली. प्रत्येक वळणाला हूल देऊन निसटायचा प्रयत्न, आणि समोरचा दर वेळी तसाच वळून त्याचा वारा अडवतोय. तिकडे अख्खा ऑस्ट्रेलिया रात्रभर टीव्हीसमोर जागा होता.

काठावरचा
जागा होता देशासाठी. १९९५ च्या अमेरिका कपच्या वेळी न्यूझीलंडमध्ये लोकांनी संघप्रमुख पीटर ब्लेकसारखे लाल मोजे घातले, तेही देशासाठीच. त्यातल्या किती जणांनी पुढच्या वर्षी एखादी साधी क्लबची शर्यत पाहिली असेल?

शीडवेडी
ऑलिंपिकमध्ये भालाफेक बघणारे तरी पुढच्या वर्षी मैदानात जातात का? हा निकष फक्त आम्हालाच का?

जुना सुकाणू
दोघांशीही असहमत. पूर्वी बोट बघताना माणसं दिसायची. कोणी दोर ओढतोय, कोणी शीड बदलतोय, एकाची चूक झाली की सगळे ओरडतायत. २०२४ च्या अमेरिका कपला बार्सिलोनात काय दिसलं? बोट फॉइलवर, म्हणजे खालच्या पंखांवर, पाण्याबाहेर, वेग कधी ५० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी नव्वदेक किलोमीटर, आणि खळग्यात बसलेली आठ हेल्मेटं. त्यातले चौघे मान खाली घालून पेडल मारतायत. वेग आला, पण जीव कोणात गुंतवायचा? एकसारख्या एफ-५० बोटी घेऊन किनाऱ्यालगत छोट्या शर्यती लावणारी सेल-जीपी तरी बरी, निदान झुंबड दिसते.

एकांडा
गर्दीच मोजायची तर फ्रान्समध्ये जा. वाँदे ग्लोब : एकटा माणूस, न थांबता, कोणाची मदत न घेता जगप्रदक्षिणा. दर चार वर्षांनी ले साब्ल-द’ओलोनच्या कालव्याकाठी लाखो लोक जमतात, आणि २०२०-२१ मध्ये दहा लाखांहून जास्त लोक घरबसल्या ऑनलाइन खेळात तीच शर्यत खेळत होते. वेग नाही, समोरासमोर झुंज नाही, महिनोन्‌महिने फक्त नकाशावरचे ठिपके. तरीही! कारण त्या शर्यतीत केव्हिन एस्कोफिएची बोट दक्षिणेकडच्या समुद्रात दुमडून फुटली, तेव्हा रात्रीच्या अंधारात त्याचाच प्रतिस्पर्धी झां ल काम त्याला शोधत फिरत होता, हे लोकांना माहीत होतं.

काठावरचा
म्हणजे लोकांना शर्यत नकोच आहे, थरारक सुटका हवी आहे. त्याच वर्षी शार्ली दालँ सर्वांत आधी पोहोचला, पण जिंकला तिसरा आलेला यानिक बेस्तावँ; शोधकार्यात गेलेल्या वेळेची १० तास १५ मिनिटांची भरपाई मिळाली म्हणून. आधी पोहोचलेला दुसरा आणि तिसरा आलेला पहिला!

एकांडा
मग काय करायला हवं होतं? बुडणाऱ्याला शोधायला वळलेल्या माणसाचे तास कापायचे? तो निकाल पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दोन वाक्यांत पटतो. तुमच्या ऑफसाइडपेक्षा तरी लवकर.

शीडवेडी
+१. आणि धागाकर्ते, ‘मला कळत नाही’ म्हणता म्हणता तेराव्या शर्यतीची मुदत मिनिटांसकट तोंडपाठ आहे की तुम्हाला!