एसव्हीएनमध्ये (सबव्हर्जन, फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) लॉक घेतल्याशिवाय, म्हणजे फाइल आपल्या नावावर राखून ठेवल्याशिवाय, कमिटच (बदल सर्व्हरवर नोंदवणं) होऊ नये, असं कसं करायचं?

आरेखनवाला:
आमच्या सामायिक रेपॉझिटरीत (सर्व्हरवरच्या फाइलींच्या साठ्यात) कॅड ड्रॉइंग्ज आहेत. परवा दोघांनी एकाच असेंब्लीवर काम केलं. बायनरी फाइल मर्ज होत नाही (दोघांचे बदल एकत्र करता येत नाहीत), त्यामुळे एकाचं दिवसभराचं काम वाया गेलं. मी माझ्या कॉन्फिगमध्ये ऑटो-प्रॉप्स (नव्या फाइलींना प्रॉपर्टी, म्हणजे खूणचिठ्ठी, आपोआप लावणारी सोय) टाकून नीड्स-लॉक ('आधी लॉक घ्या' सांगणारी प्रॉपर्टी) लावलंय, पण इतरांनी ॲड केलेल्या फाइलींना ते लागत नाही. सगळ्यांवर सक्ती कशी करू?

रेपोरक्षक:
ती कॉन्फिग फक्त तुमच्या मशीनपुरती. सबव्हर्जन 1.8 पासून (2013) ऑटो-प्रॉप्स ही प्रॉपर्टी थेट ट्रंकवर (रेपॉझिटरीतल्या मुख्य फोल्डरवर) लावता येते, खालच्या फोल्डरांनाही ती लागू होते. क्लायंट सगळ्यांचे 1.8 किंवा पुढचे हवेत. जुन्या फाइलींना मात्र हातानेच प्रॉपसेट करावं (प्रॉपर्टी लावावी) लागेल.

पण याला सक्ती म्हणता येणार नाही! नीड्स-लॉकमुळे फाइल लॉक घेईपर्यंत रीड-ओन्ली राहते, एवढंच. कुणी ते रीड-ओन्ली काढून टाकलं आणि लॉक दुसऱ्याकडे नसेल, तर सर्व्हर कमिट मुकाट्याने घेतो. खरा बंदोबस्त प्री-कमिट हुकमध्येच (कमिट पक्का होण्याआधी सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्येच) होतो. एसव्हीएनलुक चेंज्ड (रेपॉझिटरीत डोकावणारी सर्व्हरवरची कमांड) वापरून ट्रान्झॅक्शनमधल्या, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या कमिटमधल्या, फाइली काढा. नवीन ड्रॉइंगवर नीड्स-लॉक प्रॉपर्टी नसेल तर एक्झिट 1 (म्हणजे कमिटला नकार). जुनं ड्रॉइंग बदललं असेल तर एसव्हीएनलुक लॉकमधला मालक आणि कमिट करणारा एकच आहे का ते तपासा. नकार देताना स्टँडर्ड एररवर स्पष्ट लिहा, 'आधी या फाइलचं लॉक घ्या'. नुसता 'कमिट फेल' दिसला की माणसं वैतागतात आणि पळवाट शोधतात.

हुकमधून स्वतः प्रॉपर्टी चिकटवायचा मोह टाळा. ट्रान्झॅक्शन बदललं तर क्लायंटला पत्ताही लागत नाही आणि वर्किंग कॉपी (आपल्या मशीनवरची प्रत) जुळेनाशी होते. आणि हुकला एन्व्हायर्न्मेंट रिकामं मिळतं (कमांड कुठे आहेत हे त्याला ठाऊक नसतं), तेव्हा प्रत्येक कमांडचा पूर्ण पाथ लिहा.

शाखाप्रेमी:
लॉक पाथवर (फाइलच्या रेपॉझिटरीतल्या पत्त्यावर) असतं. ट्रंकवरचं लॉक ब्रँचवरच्या (वेगळ्या शाखेतल्या प्रतीतल्या) त्याच ड्रॉइंगला अडवत नाही. ड्रॉइंग्जसाठी ब्रँच काढूच नका, असं माझं ठाम मत. गिटवर (दुसरी आवृत्ती-प्रणाली) गेलात तरी एलएफएसमध्ये (गिटची मोठ्या फाइलींसाठीची जोड) फाइलींची लॉकेबल म्हणून नोंद करावी लागते आणि लॉक सांभाळायला सर्व्हर लागतोच.

आरेखनवाला:
हुक टेस्ट रेपॉझिटरीत चालला, मनापासून आभार. कुणी लॉक धरून रजेवर गेलं तर?

रेपोरक्षक:
अनलॉक कमांडला फोर्स हा पर्याय दिला की दुसऱ्याचं लॉक सुटतं. म्हणूनच ते कुणालाही करू देऊ नका. प्री-अनलॉक हुकमध्ये मालक आणि तुम्ही नेमलेले एक-दोघे एवढ्यांनाच परवानगी ठेवा. लॉक हिसकावून घेणं थांबवायला प्री-लॉक हुकही तसाच लिहा.