हुंकारसुद्धा आवरा
समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देता मध्येच बोलणाऱ्यांवर लोक वैतागतात, त्याबद्दल थोडं. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे ऐकणारा उत्तराची जुळवाजुळव आधीच करत असतो. त्यात आपलं क्रियापद शेवटी! 'मी उद्या येणार' नंतरचं 'नाही' यायच्या आत समोरचा 'अरे वा, ये ये' म्हणून मोकळा.

फोनवर मात्र मध्येच बोलणारे सगळेच उद्धट नसतात. आवाज एका दिशेने पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा (०.१५ सेकंद) कमी वेळ लागला तर बोलणं सहसा सुरळीत चालतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. परदेशच्या व्हिडिओ कॉलवर ही मर्यादा ओलांडली गेली की दोघं एकदम बोलतात आणि एकदम थांबतात. अशा वेळी प्रश्न वाक्याच्या शेवटी ठेवा आणि विचारून झाल्यावर गप्प राहा. 'म्हणजे मला काय म्हणायचंय...' हे शेपूटच घोळ घालतं.

स्पीकरवर तर प्रतिध्वनी दाबण्याच्या नादात फोन बऱ्याचदा एकाच बाजूचा आवाज धड जाऊ देतो. तुमचं 'हं, हं'सुद्धा समोरच्याचे शब्द खातं. तेव्हा हुंकार कमी. आणि 'स्पीकरवर आहेस, काकूपण ऐकतायत' हे पहिल्याच वाक्यात सांगावं. ते न सांगणं हा तांत्रिक दोष नाही, निव्वळ आगाऊपणा आहे.