अमेरिका आणि युरोप एकत्रच वाचा

अमेरिकेचा इतिहास आणि आधुनिक युरोप हे दोन वेगळे पेपर आहेत, एक संपवून मगच दुसरा हातात घ्यावा, असं काही जण सांगतात. मला नाही पटत. कॉलेजात मी तेच केलं आणि लुइझियाना खरेदी, म्हणजे अमेरिकेने फ्रान्सकडून उत्तर अमेरिकेतला प्रचंड मुलूख विकत घेतला तो व्यवहार, मला नीट कळलाच नाही. अमेरिकेच्या वहीत एवढंच होतं: १८०३, राष्ट्राध्यक्ष जेफरसन, दीड कोटी डॉलर, देश जवळपास दुप्पट. नेपोलियनने एवढा मुलूख विकला का, हे त्या वहीत नव्हतंच.

त्याचं उत्तर सँ-दोमिंग या फ्रान्सच्या कॅरिबियनमधल्या वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत आहे. तिथे गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला. वसाहत पुन्हा ताब्यात घ्यायला नेपोलियनने मेहुणा लक्लेर याला फौज देऊन पाठवलं. चिवट प्रतिकार आणि पिवळा ताप यांपुढे ती फौज टिकली नाही. लक्लेर स्वतः १८०२ मध्ये तापाने गेला. लुइझियानातून जिला धान्य पुरवायचं ती साखर पिकवणारी वसाहतच हातची चालल्यावर लुइझियाना ठेवून करायचं काय? त्यात ब्रिटनशी युद्ध पुन्हा तोंडावर आलेलं. आणि हे वाचून तर मी थक्कच झालो: अमेरिकेने दिलेले कर्जरोखे घेऊन फ्रान्सला रोख पैसा दिला तो लंडनच्या बेअरिंग आणि ॲमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी! शत्रूच्याच राजधानीतली पेढी.

त्यानंतर मी १७८९ ते १८१५ च्या दोन्हीकडच्या नोंदी एकाच लांब कागदावर, वर्षवार समोरासमोर लिहून काढल्या. निदान एवढी वर्षं तरी तशी लिहून बघा.